पत्रक क्रमांक अठ्ठेचाळीस

मागच्या ऑक्टोबरात एका सकाळी पोह्यांमधली मिरची शोधून बाजूला काढत बाबा मला म्हणाले, "मला तो बेटाचा सिनेमा बघायचाय. डोळे पूर्ण जायच्या आत. खाली इंग्रजी वाक्यं येतात ती तू वाचून दाखव."

मी हातातला कप ओट्यावर ठेवला. आमच्या घरात बेटाचा सिनेमा म्हटलं की एकच सिनेमा, आणि त्याचं नाव मी वयाच्या नवव्या वर्षापासून तोंडातून काढलेलं नाही. तो फ्रेंच आहे. तो आधीच्या एका सिनेमाचा दुसरा भाग आहे. नारळीच्या झाडांनी भरलेल्या एका बेटावर तो घडतो आणि तिथल्या उकाड्यामुळे असेल, त्यातल्या माणसांना अंगावर कपडे फारसे सहन होत नाहीत.

"बाबा, मी तुमची मुलगी आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच तुला सांगतोय. परक्या माणसाला कसं सांगणार?"

मी पोह्यांवर आणखी थोडं खोबरं घातलं आणि विषय बदलला. तो बदलणार नाही हे मला माहीत होतं.

बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि त्यांना मी अमेरिकेत मॉरिसव्हिलला आमच्याकडे घेऊन आले. त्यांना डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. माझ्याकडे बघायचं असलं की ते माझ्या कानामागच्या भिंतीकडे बघतात. सुरुवातीला मला वाटायचं, माझ्यावर रागावलेत. मग कळलं, हे प्रेमानेच चाललंय.

हा सिनेमा आमच्या घरात शिरला कसा ते सांगते. ऐंशीच्या दशकात, कृष्णाकाठच्या आमच्या गावात बाबा पाटबंधारे खात्यात आरेखक होते. दिवसभर धरणांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी गावातल्या फिल्म सोसायटीचं सचिवपद सांभाळायचं. महिन्यातून एकदा एसटीच्या पार्सलने रिळांची पेटी यायची. वाचनालयाच्या सभागृहात पांढरा पडदा ताणून सिनेमा दाखवायचे. मध्यंतरात चहा आणि ग्लुकोजची बिस्किटं. पोलंडच्या खाणकामगारांच्या हालअपेष्टा बघून लोक बिस्किटं चहात बुडवून खायचे.

दर सिनेमाआधी बाबा एक परिचयपत्रक लिहायचे. फुलस्केप कागद, स्टेन्सिलवर त्यांचं आरेखकाचं टपोरं अक्षर आणि वर क्रमांक. सायक्लोस्टाइलच्या शाईचा वास मला अजून आठवतो. पत्रकात कथा, छायाचित्रण, शेवट असे ठरलेले मथळे असत. शेवट सांगून टाकतात म्हणून लोक कुरकुर करायचे. बाबा म्हणायचे, शेवट आधी कळून जो सिनेमा बिघडतो तो मुळात बघू नये. आणि माणूस भलताच काटेकोर. एकदा एका दिग्दर्शकाचं वय एका वर्षाने चुकलं, तर पुढच्या पत्रकात खाली चौकट आखून त्यांनी दुरुस्ती दिली होती. गावात त्या दिग्दर्शकाचं वय माहीत असणारं दुसरं कोणी नव्हतं.

सोसायटीचा नियम होता की कमिटीतल्या तिघांनी सिनेमा आधी बघायचा आणि मग सभासदांना दाखवायचा. अठ्ठेचाळीसाव्या सिनेमाच्या वेळी एसटी घाटात बंद पडली आणि पेटी खेळाच्या अर्धा तास आधी पोचली. बघायला वेळ कुठला! पत्रक तर आठवडाभर आधीच वाटून झालं होतं. वितरकाच्या यादीत त्या सिनेमाबद्दल दोनच ओळी होत्या. एक स्त्री, एक बेट, स्वातंत्र्याचा शोध. नयनरम्य छायाचित्रण. या दोन ओळींवर बाबांनी अख्खं पान भरलं होतं. सागराच्या साक्षीने स्वतःला शोधणाऱ्या स्त्रीची ही संयत कथा आहे, बेटावरचं लोकजीवन तिच्यातून उलगडतं, वगैरे. आणि तळाशी अधोरेखित करून लिहिलं होतं, "सभासदांनी सहकुटुंब पाहावा."

खजिनदार वकील होते. त्यांनी शंका काढली होती म्हणे, की हा दुसरा भाग आहे, पहिला आपण पाहिलेला नाही. त्यावर बाबांचं म्हणणं असं की पहिला भाग चांगला असल्याशिवाय कोणी दुसरा काढतं का?

सहकुटुंब म्हटल्यावर लोक सहकुटुंब आले. आई मुलींच्या हायस्कुलात भूगोल शिकवायची. बेट, लोकजीवन असं वाचून ती शाळेतल्या चार बाईंना घेऊन आली होती. त्यातल्या एकीने टिपणं काढायला वही आणली होती. मला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं, ताप होता म्हणून. नाहीतर माझीही भूगोलाची तयारी झाली असती.

अकराव्या मिनिटाला पहिलं कुटुंब उठलं. पुढच्या दहा मिनिटांत निम्मं सभागृह रिकामं झालं. बाबा दारात उभे राहून प्रत्येक कुटुंबाची हात जोडून माफी मागत होते. सिनेमा थांबवा असं प्रोजेक्टरवाल्याला सांगायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. किंवा आलंही असेल, कारण बायकामुलांना रिक्षात बसवून बरेचसे सभासद परत आत जाऊन बसले, असं वकीलसाहेबांनीच नंतर सांगितलं. ते स्वतः त्यात होते की नाही, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

चारही बाई उठून गेल्या. आई उठली नाही. दुसऱ्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन ती शेवटपर्यंत बसून राहिली. नंतर बाहेर आली, दारात घामाघूम उभ्या असलेल्या बाबांना म्हणाली, "शेवट चांगला होता. चला."

दुसऱ्या दिवशी बाबांनी राजीनामा दिला. परत सभागृहाची पायरी चढले नाहीत, की पत्रक लिहिलं नाही. गावाने मात्र त्यांना सोडलं नाही. "काय साहेब, बेटावरून कधी आलात?" हे मंडईतसुद्धा ऐकू यायचं. बाबा खाली मान घालून वांगी निवडायचे. मला त्या माणसांचा इतका संताप यायचा की त्यातल्या एकाच्या सायकलची हवा मी दोनदा सोडली आहे. आई चिडायची नाही. कोणी टोमणा मारला की घरी येऊन बाबांना एवढंच म्हणायची, "तुमच्या सिनेमाचा शेवट चांगला होता. थांबले असते लोक, तर त्यांनाही कळलं असतं." काय होता शेवट, असं बाबांनी कितीदा तरी विचारलं. "सांगण्यात काय मजा? बघा कधीतरी," एवढंच म्हणायची.

बाबांना टोमण्यांपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त खात होती. एकोणपन्नासावं पत्रक निघालं नाही, त्यामुळे अठ्ठेचाळीसाव्याची दुरुस्ती द्यायची राहिली. अमेरिकेला येताना त्यांच्या बॅगेत दोन स्वेटर, औषधं आणि पत्रकांची फाइल होती. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी ऑक्टोबरात सांगितलं की कडाही फार तर वर्षभर टिकतील, आणि दुसऱ्या दिवशी ती पोह्यांची सकाळ उजाडली. दुरुस्ती म्हणजे निमित्त होतं. आईने अंधारात एकटीने बसून जे पाहिलं, ते त्यांना पाहायचं होतं. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. पण त्यानंतर मला नाही म्हणता येईना.

सिनेमा मिळवायचा कसा, हा पुढचा प्रश्न. घरातल्या टीव्हीवर शोधायची माझी हिंमत नव्हती. एकदा काही शोधलं की तो टीव्ही महिनाभर सगळ्यांना तसलंच सुचवत बसतो. शेवटी लेकीला फोन केला. ती ॲन आर्बरला शिकते.

"आजोबा वॉन्ट्स टू वॉच व्हॉट?"

"हळू बोल. तुझ्या रूममेटला ऐकू जाईल."

"आई, शी इज फ्रॉम ओहायो. शी डझन्ट केअर." मग तिने तिकडे काहीतरी टाइप केलं. "ओके, आमच्या लायब्ररीत डीव्हीडी आहे. फिल्म स्टडीजच्या सेक्शनमध्ये. लोक त्यावर पेपर्स लिहितात, आई."

ज्या सिनेमाने बाबांना गावात मान खाली घालायला लावली, त्यावर इकडे प्रबंध होतात. मला हसावं की रडावं कळेना.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुटीला लेक घरी आली ती डीव्हीडी घेऊन. माझ्या हातात देताना म्हणाली, "जस्ट सो वी आर क्लिअर, आय ॲम नॉट वॉचिंग विथ यू गाइज." शुक्रवारी सकाळी बापलेक सेलमध्ये बूट घ्यायला जायचं ठरलं. माझ्या नवऱ्याला खरेदीचा मनापासून तिटकारा आहे, पण त्या दिवशी तो साडेआठलाच गाडी सुरू करून बसला होता.

आता डीव्हीडी लावायचं यंत्र कोणाच्या घरात उरलंय? ते होतं समोरच्या काकूंकडे. काकू मूळच्या नागपूरच्या, जुन्या नाटकांच्या डीव्हीडींचा त्यांच्याकडे मोठा साठा आहे. मागायला गेले तर त्यांनी उलटतपासणीच घेतली.

"कोणता पिक्चर बघून राहिले तुम्ही?"

"बाबांचा जुना आहे. फ्रेंच."

"फ्रेंच? काकांना फ्रेंच येते?"

"निसर्गावर आहे," मी म्हटलं. बाबांच्या पत्रकाची लेखणी माझ्या तोंडात कशी उतरली, देव जाणे.

शुक्रवारी दहा वाजता आम्ही बसलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी पडदे ओढले, आवाज कमी केला आणि खुर्ची अशी लावली की मला बाबांचा चेहरा दिसणार नाही. पहिली पाच मिनिटं बोट किनाऱ्याला लागण्यात गेली. मी आकाशवाणीवर बातम्या द्याव्यात तशा सपाट आवाजात वाचत होते. "ती म्हणते, इथली हवा वेगळी आहे. तो म्हणतो, तू बदलली आहेस. ती म्हणते, प्रवासाने दमले आहे."

मग पडद्यावरची माणसं बोलायची थांबली.

"आता काय चाललंय?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. बोलत नाहीयेत."

"बराच वेळ बोलत नाहीयेत."

"फ्रेंच सिनेमा आहे, बाबा. मौनाला महत्त्व असतं."

बाबांनी मान हलवली. ते टीव्हीच्या शेजारच्या कुंडीकडे बघत होते, म्हणजे त्यांच्या हिशेबाने पडद्याकडे. "छायाचित्रण मात्र चांगलं आहे," ते म्हणाले. "त्या डावीकडच्या झावळ्या बघ. आणि खिडकीतून येणारा उजेड."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. या सिनेमात जे काही घडतं ते सगळं मधोमध घडतं. बाबांच्या डोळ्यांनी ते नेमकं पुसून टाकलं होतं आणि कडेचा समुद्र, झावळ्या, पांढरे पडदे, कोळ्यांच्या होड्या एवढंच शिल्लक ठेवलं होतं. पत्रकात त्यांनी जो सिनेमा लिहिला होता, तोच त्यांना चाळीस वर्षांनी दिसत होता. मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी खुर्ची वळवून त्यांच्या शेजारी सरकवली. मधलं मी बघत होते, कडेचं ते सांगत होते.

चाळिसाव्या मिनिटाला दारावरची घंटा वाजली. मी घाईने चित्र थांबवलं, आणि कुठे थांबवतेय हे बघितलं नाही. दारात काकू, हातात झाकलेला डबा. "गरम पाटवडी आणली काकांसाठी," म्हणत त्यांनी आत मान घातली. आमच्या दारातून टीव्ही अगदी समोर दिसतो.

"कोण आलंय?" बाबा आतून म्हणाले. "या ना, बसा! फार सुंदर सिनेमा आहे."

चाळीस वर्षांत हा माणूस काही शिकला नाही. काकूंनी टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा एकदा टीव्हीकडे बघितलं. "नाही काका, गॅसवर वरण आहे," म्हणाल्या आणि डबा माझ्या हातात देऊन निघाल्या. दोन पायऱ्या उतरून परत वळल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "पिलेयर परत कराल तेव्हा ते डिस्क आतच राहू द्या. निसर्ग मलाही आवडते."

पाटवडी खात आम्ही उरलेला सिनेमा बघितला. शेवटची दहा मिनिटं राहिली तसे बाबा पुढे सरकून बसले. डबा खाली ठेवला, हात रुमालाला पुसले. मीही सावरून बसले. आईने जन्मभर जपून ठेवलेला तो शेवट आता येणार होता.

आला, आणि तो अगदी टुकार होता. दुसरा शब्द नाही. सिनेमा जिथे सुरू झाला तिथेच संपत होता, फक्त माणसं वाढली होती. कोणी कोणाला सोडून गेलं नाही, कोणी परत आलं नाही, कोणाला काही कळलं नाही. आईने यात चांगलं काय पाहिलं असेल ते मी डोळे फाडून शोधत होते, आणि शोधता शोधता उलगडलं. तिने चांगलं असं काही पाहिलंच नव्हतं. दारात एक माणूस हात जोडून उभा होता, त्याच्यापाशी काहीतरी घेऊन जायचं म्हणून ती म्हणाली, शेवट चांगला होता. आणि मग जन्मभर म्हणत राहिली.

"बोल ना," बाबा म्हणाले. "काय चाललंय?"

मी आईचीच मुलगी आहे. "ती किनाऱ्यावर आलीय," मी म्हटलं. "एकटीच. सूर्य उगवतोय. तिचा नवरा होडी घेऊन तिला न्यायला आलाय. ती म्हणते, मला घरी जायचंय."

बाबा म्हणाले, "किनारा कुठला? मला डावीकडे पडदा दिसतोय. खिडकीचा. उजवीकडे पलंगाचा खांब आहे." आणि माझ्या कानामागच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "मधलं दिसत नाही म्हणजे काहीच दिसत नाही असं नाही. खरं सांग."

मी खरं सांगितलं. शक्य तेवढ्या कमी शब्दांत सांगितलं, तरी पुरेसं होतं. तोवर फ्रेंच नावांची यादी वर सरकायला लागली होती.

बाबा आधी हसले. अगदी पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग हसणं थांबलं आणि पाणी थांबेना. "दीड तास," ते म्हणाले. "दीड तास बसली ती या असल्या गोष्टीसमोर. पर्स मांडीवर घेऊन. मागे सगळे ते टगे परत येऊन बसलेले. उठली असती तर कोणी काही म्हटलं नसतं तिला."

"तुम्हाला म्हटलं असतं. बायकोसुद्धा उठून गेली, असं."

बाबांनी मान हलवली. मी त्यांचा हात धरला. आईची मला इतकी आठवण आली की ती गेल्यापासून तेवढी कधी आली नव्हती.

थोड्या वेळाने त्यांनी रुमालाने चेहरा पुसला आणि सचिवाच्या आवाजात म्हणाले, "कागद घे. फुलस्केप आहे का?"

फुलस्केप अमेरिकेत कुठून येणार? मी लेकीच्या वहीतलं रेघांचं पान फाडून घेतलं. बाबा सांगत गेले, मी लिहीत गेले.

"पत्रक क्रमांक अठ्ठेचाळीस. दुरुस्त प्रत. कथा, दोन ठिपके, नाही. छायाचित्रण, कडेकडेने उत्तम. बेटावरील लोकजीवन, आढळले नाही. संयत हा शब्द मागे घेण्यात येत आहे. सभासदांना व त्यांच्या कुटुंबीयांना झालेल्या मनस्तापाबद्दल सचिव दिलगीर आहेत." मध्ये थांबून त्यांनी विचारलं, "दिलगीरमधल्या द ला वेलांटी पहिली दिलीस का दुसरी?" मी पहिली म्हटलं. "बरोबर," ते म्हणाले.

मग एकच मथळा उरला. मी लिहिलं, शेवट. पेन टेकवून थांबले. दिग्दर्शकाच्या वयातल्या एका वर्षासाठी चौकट आखणारा हा माणूस, आता काय सांगेल याची मला धाकधूक वाटत होती. बाहेर गाडीचा आवाज आला. बापलेक बूट घेऊन परतले होते.

"लिही," बाबा म्हणाले. "शेवट चांगला आहे."